बासष्टाव्या पानावरचा वाचक

प्रिय चिंगे,

तुझा मेसेज येऊन अकरा दिवस झाले. मी तो वाचल्याची खूण तुला केव्हाच दिसली असणार, म्हणजे मिळालाच नाही असं म्हणायचीही सोय उरली नाही. पूर्वी टपालखात्याच्या नावावर आपली कितीतरी पापं खपून जायची. फोन करणार होते, दोनदा हातात घेतलाही. पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला 'मुद्द्यावर ये' म्हणतेस आणि माझा मुद्दा तिथेच गळपटतो. या मुद्द्याकडे जायला मला लांबचा वळसा घालावा लागणार आहे. तो तू निमूटपणे वाच. शाळेत तुझ्या अर्ध्या वह्या मी पुऱ्या करून दिल्यात, तेवढं तर तुझ्याकडे माझं निघतं.

तू विचारलंयस, बाबांचे ते वाचक कोण आहेत, त्यातल्या एकाचा तरी नंबर दे, मी त्याची चांगली खरडपट्टी काढते. तुझ्या बाबांचं, म्हणजे आपल्या सरांचं, डोळ्याचं ऑपरेशन त्या वाचकांपायी अडलंय असं सरांनीच तुला सांगितलं, आणि ते खरं आहे. नंबर मात्र मी तुला देऊ शकत नाही. का, तेच सांगायला बसलेय.

आत्ता लायब्ररीतच आहे. सुट्टी लागल्यामुळे चिटपाखरू नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून ठेवल्यात, आणि झाडणाऱ्या मावशी जिन्याखालच्या काचेच्या कपाटाची काच पुसता पुसता आतल्या पुस्तकांशी काहीतरी पुटपुटतायत. तू इथून गेलीस तेव्हा ते कपाट नव्हतं. हे आताचे प्राचार्य आले ना, फादर, त्यांनी ते हौसेनं करून घेतलं. आमच्या प्राध्यापकांची वर्षभरातली नवी पुस्तकं त्यात ठेवायची. स्थापनादिनाच्या सकाळी चॅपेलमध्ये प्रार्थना झाली की एकेक लेखक आपलं पुस्तक छातीशी धरून पुढे जातो, फादर त्यावर हात ठेवून दोन वाक्यं म्हणतात, मग लेखकानं पाच मिनिटं बोलायचं. पाच म्हणजे पंचवीस हे तुला सांगायला नको, तू प्राध्यापकाची मुलगी आहेस. नंतर एक प्रत कपाटात आणि एक माझ्याकडे, क्रमांक घालायला. गेल्या खेपेला चार आली. शेवाळबाईंनी जुन्या चर्चांच्या उत्तरेकडच्या भिंतींवर उगवणाऱ्या शेवाळावर चारशे पानं लिहिलीत. घंटामास्तरांनी घंटा ओततानाचं धातूंचं प्रमाण आणि तिचा नाद यांचं गणित मांडलंय. उरलेल्या दोघांच्या पुस्तकांची नावं इतकी लांब आहेत की कण्यावर मावत नाहीत, मी अर्धी घालून बाकी टिंबं दिली. माणसं मोठी आहेत, मी हसतेय म्हणून तसं समजू नकोस. आठ-आठ, दहा-दहा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागायला छाती लागते. फक्त एक आहे, की आमच्याकडे सगळे लिहितात आणि दुसऱ्याचं कुणीच वाचत नाही. घंटामास्तरांना शेवाळाविषयी विचारलं तर म्हणाले, सुट्टीत बघतो. बाईंना घंटेविषयी विचारलं तर त्याही तेच म्हणाल्या.

सरांचं पुस्तक चार वर्षांपूर्वी याच कपाटात बसलं. 'डोळ्याच्या चुका, भाग पहिला.' शास्त्रग्रंथांच्या नकला हातानं उतरवणाऱ्या लेखनिकांनी काय काय चुका केल्या, डोळा एका ओळीवरून दुसरीवर कसा उडी मारतो, दोन ओळींचा शेवट सारखा असला की मधला मजकूर कसा गळतो, असं सगळं. पुस्तकाचं हे नाव आणि सरांच्या डोळ्यांचं हे असं व्हावं, म्हणजे देवालाही कधीकधी चेष्टा सुचते. त्या दिवशी सर चॅपेलमध्ये खरोखर पाचच मिनिटं बोलले, एवढं तुला मुद्दाम सांगते. लेखनिक बिचारे थंडीत काकडत बसायचे, आणि आपण त्यांच्या चुका मोजतो तेव्हा खरं तर त्यांची हजेरी घेत असतो, असं काहीसं म्हणाले. तुझी आई, आमच्या काकू, पहिल्या रांगेत होत्या. पुढच्या थंडीत त्या गेल्या आणि मग सरांना घर खायला उठायला लागलं. ते दर बुधवारी लायब्ररीत यायला लागले ते तेव्हापासून.

येतात ते बरोबर साडेदहाला. आधी वर्तमानपत्र चाळतात, मला उगाच दोन प्रश्न विचारतात, आणि मग सहज चालल्यासारखे शेवटच्या ओळीतल्या तिसऱ्या कपाटाकडे जातात. स्वतःचं पुस्तक काढतात. मागचं पुठ्ठ्याचं पान उघडतात. तिथे आमची तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. कॉम्प्युटर आला तरी ती मी बंद केलेली नाही, कारण कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा रुसतो आणि चिठ्ठी रुसत नाही. सरांच्या पुस्तकातली चिठ्ठी कोरी होती. एकही शिक्का नव्हता. ते ती बघायचे, पुस्तक परत सरळ लावायचे, शेजारची दोन पुस्तकंही सरळ करायचे, जणू त्यासाठीच आले होते, आणि मला अच्छा करून निघून जायचे. हे मी जवळजवळ वर्षभर पाहिलं. चिंगे, आपल्याला शिकवलेला माणूस असा गुपचूप आपलीच चिठ्ठी बघायला येतो आणि कोरी बघून परत जातो, हे दर आठवड्याला बघणं फार वाईट असतं.

मग एका मंगळवारी संध्याकाळी, बंद करायच्या वेळेला, मी ते पुस्तक काढलं आणि त्या चिठ्ठीवर एक शिक्का मारला.

बास, एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी पान उघडलं आणि तिथेच स्टुलावर बसले. बराच वेळ बसले. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, आज हवा बरी आहे. हवा काही बरी नव्हती, घामाच्या धारा लागल्या होत्या. त्या दिवसापासून मला त्याची चटकच लागली म्हण ना. तीन-चार आठवड्यांनी एक शिक्का. कधी मी पुस्तक घरीच घेऊन जायचे, म्हणजे बुधवारी ते जागेवर नसायचं. सरांचा सगळ्यात आनंदाचा बुधवार तोच. दोन पुस्तकांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते हात घालून बघायचे, आणि बाहेर येऊन मला विचारायचे, 'गेलंय वाटतं?' मी म्हणायचे, 'हो सर, गेलंय.' तेव्हा ते माझ्या घरी फ्रिजवर असायचं.

आता तू म्हणशील, इथपर्यंत ठीक आहे, चार शिक्क्यांनी कुणाचं काय बिघडलं. मीही तेच म्हणत होते. पण अर्धवट शहाण्यांची खोड असते, केलेलं आणखी चांगलं करायला जातात. मला वाटलं, पुस्तक इतक्यांदा बाहेर जातंय आणि पानं बघावीत तर कोरी करकरीत, हे सरांच्या लक्षात येणार. म्हणून मी वाचायला घेतलं आणि समासात पेन्सिलीनं बारीक खुणा करायला लागले. एक साधी पेन्सिल, एक तांबडी, एक ती बारीक शिशाची. म्हणजे निरनिराळे वाचक वाटावेत. मोठ्या हुशारीनं केलं. लायब्ररीतल्या पुस्तकावर पेन्सिल फिरवली म्हणून मी आजवर किती पोरांना बाहेर काढलंय ते तुला माहीत आहे.

आणि वाचलंही, खोटं कशाला बोलू. एक्केचाळिसाव्या पानावर सरांनी लिहिलंय की डुलकी लागलेल्या लेखनिकाची चूक लगेच सापडते, कारण ती वाचताना खडा लागल्यासारखी लागते. भल्या मनाच्या लेखनिकानं बरं व्हावं म्हणून घातलेला शब्द मात्र शेकडो वर्षं कुणाला सापडत नाही, कारण तो वाचायला बरा वाटतो. मी त्या वाक्याला तांबडी खूण केली. माझ्याविषयीच आहे हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. पुढे बासष्टाव्या पानावर दीड पानाची तळटीप आहे. तीन जुन्या भाषा आणि त्यांतली अक्षरं. मी ती चार वेळा सुरू केली, चारही वेळा माझं डोकं गरगरलं, आणि मग घरात एकेक कामं निघाली, पुस्तक फ्रिजवर राहिलं. मी तिथेच थांबले. तिन्ही पेन्सिली तिथेच थांबल्या.

सरांनी ते पकडलं. आयुष्यभर लेखनिकांचे हात ओळखण्यात घालवलेला माणूस, भिंग घेऊन माझ्या टेबलासमोर बसला आणि तासाभरानं आनंदानं लाल होऊन मला सांगायला लागला, की तीन वेगवेगळे वाचक आहेत, वय लहान आहे, आणि त्यातला एक डावखुरा आहे. डाव्या हाताच्या खुणा मी केल्या होत्या, उजव्या हातात चहा होता म्हणून. मी मान डोलावली. मग ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, तिघंही बासष्टाव्या पानावर थांबलेत. एका जागी एक वाचक थांबला तर त्याचा आळस, तिघं थांबले तर लेखकाची चूक. तिथे मी नीट सांगितलेलं नाही. पोरं तिथे अडखळतात आणि बिचारी मुकाट्यानं पुस्तक परत करतात. त्याच दुपारी ते घरी गेले आणि त्यांनी दुसरा भाग लिहायला घेतला. 'हेतूच्या चुका.' बासष्टाव्या पानावरची गाठ सोडवून सांगण्यासाठी. करायला गेले काय आणि झालं काय, ते बघ.

खरं सांगू, पहिले सहा महिने मला वाटलं देव पावला. सर दाढी करायला लागले, वेळेवर जेवायला लागले. तूच मला लिहिलंस ना, की बाबांचा आवाज बदललाय, काय जादू केलीस. मी वर एक हसरा चेहरा पाठवला होता. मग काचबिंदू निघाला. उजवा डोळा केव्हाच गेला होता आणि त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आता डाव्याचं बघ: थेंब चालेनासे झालेत, आतला दाब उतरत नाही. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. मी सोबत होते. त्या म्हणाल्या, गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली राखता येते, ती पण याच महिन्यात ऑपरेशन केलं तर. त्यानंतर निदान दीड महिना वाचणं नाही, लिहिणं नाही, वाकणं नाही. सर त्यांना म्हणाले, दीड महिना मला परवडत नाही. बाईंनी विचारलं, एवढं काय काम आहे? तर म्हणाले, एक मुलगा बासष्टाव्या पानावर उभा आहे.

त्यांचा हिशेब असा आहे, की कॉलेजात मूल तीन वर्षं असतं. पहिल्या शिक्क्याला दोन वर्षं होऊन गेली. म्हणजे तो वाचक यंदा शेवटच्या वर्षाला असणार. यंदाच्या स्थापनादिनाला दुसरा भाग आला नाही तर तो पोरगा निघून जाईल, आणि जन्मभर समजत राहील की आपल्यालाच अक्कल नव्हती. फादरांनी सांगून पाहिलं, पुस्तक पुढच्या वर्षी घेऊ, कपाट कुठे पळून जात नाही. सर म्हणाले, फादर, कपाटासाठी नाही लिहीत मी.  आमच्या फादरांनी चॅपेलमध्ये त्या पुस्तकाची एवढी स्तुती केली होती, ती मागच्या मलपृष्ठावर छापलेलीच होती, शब्दाला शब्द. तेव्हा मी मलपृष्ठ हातात घेऊन ताडून बघत होते, आत त्यांनी डोकावलंही नव्हतं.

सांगून का टाकत नाहीस, असं तू आत्ता ओरडली असशील. अगं, गेले होते. मागच्या रविवारी दुपारी मनाचा हिय्या करून गेले. दार उघडंच होतं. सर खिडकीशी टेबलावर इतके वाकले होते की नाक कागदाला लागत होतं, आणि डोकं असं हळूहळू सरकत होतं, ओळीबरोबर. मी समोर उभी राहिले तरी त्यांना दिसले नाही. बोलल्यावर कळलं. टेबलावर लिहिलेल्या पानांचा गठ्ठा होता, मी वरची काही उचलून पाहिली. चिंगे, सरांचं अक्षर तुला माहीत आहे, मोत्यासारखं. आता ओळी तिरक्या होत होत एकमेकींवर चढल्यात, आणि काही पानांत एकच परिच्छेद दोनदा आलाय. डोळा वरच्या ओळीवर परत गेला असणार. ते आयुष्यभर ज्याच्या नोंदी करत आले तीच चूक. मी पानं खाली ठेवली.

मी सुरुवात केली. म्हटलं, सर, त्या वाचकांविषयी थोडं बोलायचंय. त्यांनी हात वर केला. म्हणाले, नाव सांगू नकोस. नाव कळलं की लेखक त्या एकाचं तोंड बघून लिहायला लागतो. आणि ओठांवर आलेले शब्द मी गिळले. मला बरं वाटलं, हे तुला सांगायला लाज वाटते. सुटले असं वाटलं. पण तेवढंच कारण नाही. समजा सांगितलं असतं. समजा म्हटलं असतं, सर, वाचक नाहीत, एकतीस शिक्के आहेत आणि सगळे माझे. तर मग त्यांनी तो डोळा कशासाठी वाचवायचा? डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, या वयात माणसाला स्वतःला हवं असलं पाहिजे, नाहीतर ते थेंबसुद्धा नीट घालत नाहीत. वाचक आहे म्हणून ऑपरेशन नको, आणि वाचक नाही म्हटलं तर ऑपरेशन हवं कुणाला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

खरा वाचक उभा करायचाही प्रयत्न केला. इतिहासाच्या वर्गातल्या एका गुणी मुलीला पुस्तक दिलं, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. तिनं दोन दिवसांत परत आणलं आणि अगदी अदबीनं विचारलं, मॅडम, हे परीक्षेला आहे का? शेवाळबाईंना गळ घातली, त्यांनी पहिलं प्रकरण चाळलं आणि संदर्भसूची उत्तम आहे म्हणाल्या. घंटामास्तर अजून सुट्टीत बघतायत. मी स्वतः आठवडाभर रोज दुपारी बासष्टावं पान उघडून बसले. मला ते समजत नाही. बत्तीस वर्षं मी पुस्तकांना क्रमांक घालतेय, फाटली तर चिकटवतेय, वाळवीपासून वाचवतेय, आणि एका माणसाचं एक पान मला वाचता येत नाही. मावशींनी विचारलं, ताई, डोळ्यांत काय गेलं. म्हटलं, धूळ.

परवाच्या बुधवारी सर आले ते भिंत चाचपत आले. कपाटाकडे गेले नाहीत. माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सव्वीस तारीख राखून ठेवलीय ना? मी जाईन. एका अटीवर. त्या तिघांपैकी कुणीही एकानं मला चार ओळी लिहून द्याव्यात. कुठे अडलं ते लिहावं आणि वर्षभर थांबेन म्हणावं. तो थांबत असेल तर मीही थांबतो. नाव घालू नको म्हणावं. आणि छान आहे असंही लिहू नको म्हणावं. वाचलेला माणूस छान आहे म्हणत नाही, तो कुठेतरी अडलेला असतो. मग म्हणाले, तुझ्या हातून लिहून आणू नकोस हं, तुझा 'ळ' मी झोपेतही ओळखेन. हे ते हसत म्हणाले. त्यांना काही संशय आहे का, मला सांगता येत नाही. मी फार बघितलं त्यांच्या चेहऱ्याकडे, काही कळलं नाही.

आणि आता ते, ज्याच्यासाठी एवढा वळसा घातला. पहिला शिक्का मारला त्याच्या आदल्या बुधवारची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, आणि हे पत्र लिहायला लागले तोवर सांगणारही नव्हते. त्या दिवशी सर लायब्ररीत असताना तुझा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर आला होता, नवं घर दाखवायला. तू फोन हातात घेऊन सगळीकडे फिरवलास, हा पडदा, ही खिडकी, हे माझं कामाचं टेबल. टेबलावर तुझ्या कॉम्प्युटरखाली, तो उंच व्हावा म्हणून, दोन जाड पुस्तकं घातली होतीस. वरचं सरांचं होतं. कणा आमच्याकडेच होता. त्या दिवशी त्यांना तेवढं दिसत होतं, चिंगे. तू विचारलंस, बाबा, पुस्तक सगळं वाचलं हं, छान आहे, घर कसं वाटलं? ते म्हणाले, टेबल चांगलं आहे, उजेड डावीकडून येतो, ते बरं. फोन मला परत दिला, आणि त्या बुधवारी ते कपाटाकडे न जाताच घरी गेले. मी तुझ्यावर राग काढत नाहीये. मी तर ते फ्रिजवर ठेवलं होतं. पण माझ्याकडचे सगळे उपाय संपले आणि दिवस नऊ उरलेत, म्हणून हे कुरियरनं पाठवतेय. ते पुस्तक कॉम्प्युटरखालून काढ. पहिल्या पानापासून वाच, जिथे अडशील तिथे थांब, बासष्टावरच अडलं पाहिजे असं नाही. मग काळ्या जाड शाईनं, मोठ्या अक्षरांत त्यांना चार ओळी लिही, मी वाचून दाखवणार नाही, त्यांचे त्यांना दिसल्या पाहिजेत. नाव घालू नको असं ते म्हणालेत, तरी तू तुझं घाल. त्यानं ऑपरेशन होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. फक्त एवढं कर, जे वाचलं नसशील ते वाचलं म्हणून लिहू नकोस. तेवढं आता त्यांना झेपणार नाही, आणि मलाही.

कुरियरवाला पाचला येतो, पाकीट बंद करते.

तुझीच, तुझ्या वह्या पुऱ्या करणारी,
ढब्बू